खाली बघणारं जहाज

नदीच्या मुखावर सकाळचं धुकं असं दाट बसलं होतं, की समोर नांगरलेल्या सरकारी ताफ्याच्या नुसत्या डोलकाठ्याच वर दिसत होत्या; खालची जहाजं कुणी गुपचूप चोरून न्यावीत तशी. उत्तरेचा वारा सुटून आठ दिवस झाले होते. ह्याच वाऱ्यावर ताफा दक्षिणेला निघायचा, म्हणून ताइपिंग बंदरातली झाडून सारी माणसं कामाला जुंपलेली. कुणी फळ्यांच्या फटींत ताग ठोकतंय, कुणी चुना आणि तेल खलतंय, कुणी पाण्याचे रांजण फळीवरून वर ढकलतंय. गलका नुसता. धुक्यात माणूस दिसत नव्हता, पण शिव्या मात्र लख्ख ऐकू येत होत्या.

तिरळा वेंग आपल्या अंगणात कापराच्या लाकडाचा गोल तुकडा दोन पायांत धरून बसला होता. नाक गळत होतं, बोटं काकडली होती, पण पटाशी आपली चालत होती. मेव्हण्याच्या नव्या मचव्याचे डोळे कोरायचं काम होतं.

त्या किनाऱ्यावर बिनडोळ्यांची नाव कुणी पाण्यात घालत नसे. नाळेच्या, म्हणजे नावेच्या नाकाच्या, दोन्ही अंगांना दोन लाकडी डोळे ठोकायचे, मधे काळं बुबुळ. अडतीस वर्षं वेंग हाच उद्योग करत आला होता. स्वतःचा एक डोळा नदीकडे आणि एक घराकडे, त्यामुळे गावात लोक म्हणत की ह्यानं बोटीचे डोळे सरळ बसवले की देवाचीच कृपा. वेंग त्यावर सांगे, माझे दोन्ही डोळे कामाला आहेत, तुमचे दोन्ही मिळून एकच काम करतात. गिऱ्हाइकं हसत आणि पुन्हा त्याच्याकडेच येत, कारण पंचक्रोशीत दुसरा कुणी नव्हता.

मेव्हणा लियांग उंबऱ्यावर बसून खारवलेल्या मासळीबरोबर पेज भुरकत होता आणि भुरकता भुरकता तक्रार करत होता. जुन्या मचव्याचे डोळे दाजींनीच केले होते, आणि ते म्हणे मासे बघायचे सोडून कावळे बघत. मासळी मागच्या बाजूला रचली की मचव्याचं नाक वर उठे आणि नजर आभाळाला लागे. वेंगनं सांगितलं की तू हावरटासारखी सगळी मासळी मागं रचतोस, त्यात डोळ्यांचा काय दोष. दर मोसमात हे भांडण व्हायचंच.

एवढ्यात बाओझू तांदळाचं धुवण ओतायला बाहेर आली. वेंगची बायको. नवऱ्याला सहज जाता जाता टोचल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नसे. कोरलेला डोळा तिनं वाकून बघितला. बुबुळ खालच्या कडेला बसलेलं होतं, बरोबरच होतं. मासे खाली असतात, म्हणून मासेमारीच्या नावेनं खाली बघायचं. आणि वाट पुढे असते, म्हणून दूर जाणाऱ्या जहाजानं समोर बघायचं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"अहो, त्या सरकारी जहाजाचे डोळे तरी समोर बघणारे केलेत ना?" ती म्हणाली. "का त्यालाही म्हावरं धरायला लावलंत?"

वेंगची पटाशी थांबली.

ताफ्यातल्या एका जहाजाची नाळ मागच्या वादळात फुटली होती आणि ती इथंच नव्यानं बांधली होती. नवी नाळ म्हणजे नवे डोळे. राजधानीहून कारागीर आणायला वेळ नव्हता, म्हणून वेंगला बोलावणं आलं. केवढी ऐट झाली होती. दोन-दोन हात रुंदीचे डोळे! अकरा दिवस अंगणात काम चाललं होतं आणि गाव येऊन बघून जात होतं. वेंगनं नवे जोडे घातले होते. ठोकायच्या दिवशी आधी बुबुळ बसवायचं, मग भरतीच्या मुहूर्तावर एकेका डोळ्याला तीन खिळे, खिळ्यांना पाच रंगांच्या चिंध्या, आणि लगेच वरून तांबडं कापड. ते कापड दर्यादेवीच्या पूजेच्या दिवशी काढायचं. मुहूर्ताआधी तांदळाची दारूही झाली होती, जरा जास्तच.

त्यानं डोळे मिटून आठवून पाहिलं. लाकडाचा वास आठवला, लाखेचा थर आठवला, शेजारणीनं केलेली टिंगल आठवली. बुबुळ कुठं बसवलं ते डोक्याला काही आठवेना. मग त्यानं हाताला विचारलं. हात आपोआप खाली गेला. अडतीस वर्षं तो खालीच जात होता.

"खाली," वेंग म्हणाला.

लियांगच्या घशात पेज अडकली.

कापड आजच निघायचं होतं, दुपारच्या भरतीला. आणि ठोकलेला खिळा उपसायचा नाही, हा नियम. एकदा डोळा बसला की बसला. तो काढला तर जहाज आंधळं झालं, मग त्यावर कुत्रंही चढणार नाही. वर पहारा. मागच्या वर्षी एका सुताराला कसल्याशा चुकीपायी बांबूचे तीस फटके बसले होते, तो अजून उभ्यानं जेवत होता. वेंगचं वय बासष्ट आणि धंदा बसून करायचा.

बाओझूनं धुवण तसंच हातात धरून सांगितलं की आत्ताच्या आत्ता माझ्या माहेरी निघा, दहा-बारा दिवस तिथं लपा, ताफा गेला की परत या.

"तुझ्या माहेरी दहा दिवस," वेंग म्हणाला, "त्यापेक्षा तीस फटके परवडले."

लियांग तिथलाच होता, पण त्याला राग आला नाही. त्यानं तोंड पुसलं आणि दाजींबरोबर धक्क्यावर जायला उठला. फटके पडलेच तर उचलून आणायला कुणी तरी पाहिजे, असं त्यानं बहिणीला सांगितलं.

दुपारपर्यंत धुकं विरलं आणि सगळा ताफा उघडा पडला. बेचाळीस जहाजं. धक्क्यावर दरबारी विधी सांभाळणारे अधिकारी ताओ साहेब उभे होते. अंगरखा कडक, मिशी पातळ, बरोबर लिहून घेणारा कारकून. मिशीतल्या केसांसारखाच एकेक नियम त्यांना मोजून पाठ होता. त्यांच्या शेजारी कोचीच्या राजाचा वकील, ह्याच जहाजातून घरी परत निघालेला. काळासावळा, पोट सुटलेला, आनंदी माणूस. ह्या थंडीत त्याच्या अंगावर बादशहानं दिलेले रेशमाचे चार झगे एकावर एक चढवलेले होते, तरी दात वाजत होते. मागं दुभाषा.

सकाळीच बादशहाचं पत्र जहाजावर पोचलं होतं. पिवळ्या रेशमात गुंडाळलेली पेटी, ती ताओ साहेबांनी स्वतः दोन्ही हातांवर धरून वर नेली होती.

ढोल वाजले. दर्यादेवीपुढे उदबत्त्या लागल्या. दोन खलाशी दोरावर लोंबकळत गेले आणि तांबडी कापडं ओढली.

जहाजानं खाली बघितलं.

दोन-दोन हात रुंद ते डोळे, पांढरेशुभ्र, लाखेनं चमकणारे, आणि बुबुळं खालच्या कडेला. सासरी आलेल्या नवरीला कुणी ओरडून काही बोलावं आणि तिनं मान खाली घालावी, तसं ते अवाढव्य धूड नदीच्या पाण्यात बघत उभं. खलाशांच्या रांगेतून एक कुजबुज निघाली आणि शेवटपर्यंत गेली. लियांगनं दाजींचा दंड धरला. धीर द्यायला की पळू नयेत म्हणून, हे त्यालाही नक्की सांगता आलं नसतं.

गंमत अशी की ताओ साहेबांच्या आधी तो कोचीचा वकीलच खुश झाला. त्यानं दुभाष्याला काहीतरी विचारलं, दुभाषा घुटमळला, वकिलानं पुन्हा विचारलं. मग दुभाष्यानं पडेल आवाजात सांगितलं की वकीलसाहेब विचारतात, जहाज आमच्या महाराजांच्या आदरासाठी नजर झुकवून निघालंय का? तसं असेल तर महाराजांना फार बरं वाटेल.

ताओ साहेबांची मिशी थरथरली. बादशहाचं जहाज, आणि मिरी विकणाऱ्या राजापुढे खाली मान घालून जाणार! त्यांनी हळूच विचारलं की हे डोळे कुणी केले. हळू आवाजातली चौकशी वेंगला ओरडण्यापेक्षा जास्त वाईट वाटली. तो पुढे झाला आणि गुडघ्यांवर बसला. कपाळ जमिनीला टेकवलं, आणि तिथून त्याला दोनच गोष्टी दिसत होत्या: एका डोळ्याला साहेबांचे जोडे, दुसऱ्या डोळ्याला बांबू धरून उभा असलेला शिपाई.

जोड्यांनी त्याला वाचवलं.

"सरकार, एक विचारू?" तो जमिनीशीच बोलला. "सकाळी बादशहाच्या पत्राची पेटी आपण वर नेलीत, तेव्हा आपली नजर कुठं होती?"

ताओ साहेबांना हा प्रश्नच अपमानाचा वाटला. त्यांनी सांगितलं की बादशहाचा शब्द हातात असताना नजर वर उचलत नाहीत, हे गाढवालाही ठाऊक असावं. मी माझ्या जोड्यांकडे बघत होतो.

"तेच तर सरकार. आता ती पेटी जहाजाच्या हातात आहे. आणि जहाजाला जोडे नाहीत, म्हणून बिचारं पाण्याकडे बघतंय."

ताओ साहेबांनी जहाजाकडे बघितलं, मग आपल्या जोड्यांकडे, मग परत जहाजाकडे. नियम त्यांच्या तोंडात साखरेसारखा विरघळत गेलेला दिसत होता. त्यांनी कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं, आणि वकिलाकडे वळून दुभाष्याकरवी कळवलं की जहाज आपल्या महाराजांसमोर नव्हे, बादशहाच्या शब्दासमोर झुकलेलं आहे, गैरसमज नसावा. वकिलानं मान डोलावली, पण त्याचं हसू काही गेलं नाही. कोचीला जाऊन तो कुठली हकिगत सांगणार, हे त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं.

त्या दुपारी वेंगनं कालवं घालून केलेला भात दोनदा वाढून घेतला. बाओझू म्हणाली, जीभ वाचवते खरी, पण ती हाताइतकीच आपल्या मनानं चालते, जपा. तिचं बोलणं त्याला जळकुटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताओ साहेबांचा कारकून अंगणात आला आणि त्यानं हुकूम वाचून दाखवला. साहेबांना विधी अतिशय पसंत पडला होता. तेव्हा उरलेल्या एक्केचाळीस जहाजांनाही खाली बघणारे डोळे पाच दिवसांत बसवावेत. पगारी मदतनीस मिळतील, लाकूड मिळेल. कारकून निघून गेला तरी वेंग तसाच उभा. एक डोळा हुकुमाच्या कागदावर, दुसरा आभाळाकडे.

कामाचा प्रश्न नव्हता. एक्केचाळीस जहाजांचे जुने डोळे उपसायचे, म्हणजे एक्केचाळीस जहाजं आंधळी करायची, तीही दर्यात लोटायच्या तोंडावर. खलाशी ताओ साहेबांना काही करणार नाहीत. वेंगला मात्र नदीत बुडवतील, आणि बुडवताना त्याचाच एखादा डोळा गळ्यात बांधतील.

लियांग म्हणाला, दाजी, आता खरंच माहेर बघा.

बाओझू मोहरीच्या पानांचं लोणचं बरणीत दाबून भरत होती. तिनं वर न बघता विचारलं, "एकेका जहाजावर एकेक पत्र दिलंय का बादशहानं?"

"वेडी का काय? पत्र एकच. ह्या एकाच जहाजावर."

"मग बाकीची कशाला लाजतात?"

वेंगनं बरणीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि दोन्ही एकाच वेळी बघितलं, कारण त्याला ते जमत असे. मग नवे जोडे शोधायला लागला.

ताओ साहेब चहा पीत होते. वेंगनं ह्या वेळी कपाळ दुप्पट वेळ टेकवलं. लाकूड उत्तम आहे, म्हणाला, आणि पाच दिवस पुष्कळ आहेत. फक्त एक अडाणी शंका आहे. ताफा परक्या बंदरात शिरला, बेचाळीसच्या बेचाळीस जहाजांनी खाली बघितलं, तर तिथले लोक समजणार की प्रत्येक जहाजावर बादशहाचं पत्र आहे. राजा विचारेल, माझी बेचाळीस पत्रं कुठं आहेत? बादशहानं तर एकच लिहिलं. मग उरलेली एक्केचाळीस कुणी लिहिली म्हणायचं, सरकार?

ताओ साहेबांनी चहाची वाटी खाली ठेवली. बादशहाच्या नावानं खोटं पत्र म्हणजे काय होतं, हे त्यांना वेंगपेक्षा जास्त ठाऊक होतं. फटक्यांवर भागत नसे. त्यांनी हुकुमाचा कागद परत मागितला, घडी घातली आणि बाहीत सारला. डोळे एकाच जहाजाचे खाली राहतील, ते म्हणाले, आणि हा विधी पूर्वापार असाच चालत आलेला आहे. कारकुनानं तसंच लिहून घेतलं: पूर्वापार.

वेंग परत येताना गाणं गुणगुणत होता. ते वळणावर आटलं, कारण त्याच्या अंगणात तांडेल गान उभा होता. त्याच जहाजाचा तांडेल, आडदांड, अर्ध्या कानाचा, चार वेळा होर्मुझपर्यंत जाऊन आलेला. त्याचे वीस खलाशी सकाळपासून धक्क्यावर मांडी घालून बसले होते आणि उठायला तयार नव्हते.

साहेबांना काय वाटतं ते साहेबांपाशी, तांडेल म्हणाला. साहेब काही बरोबर येत नाहीत. आमचं जहाज वाट बघणार नाही, तळ बघणार. आणि ज्याच्याकडे बघतं तिथंच ते जाणार. म्हातारबा, तू आम्हाला मासे धरायला लावलंस ते एक वेळ चाललं असतं, पण माशांना आम्हाला धरायला लावू नकोस.

ह्यात वेंगला वाद घालता येईना. तो स्वतःही त्या जहाजावर चढला नसता. आणि खलाशी बसून राहिले तर जहाज राहणार, जहाज राहिलं तर चौकशी होणार, चौकशीत पहिल्यांदा विचारणार: हे मूळचं कुणाचं काम? सगळी वाट फिरून परत त्याच्याच बुडाशी येत होती.

त्यानं घाम पुसला. घराकडच्या डोळ्याला उंबऱ्यावर बसलेला लियांग दिसला, नेहमीसारखा काहीतरी खात.

"काय रे," वेंग म्हणाला, "तुझा मचवा कावळे कधी बघतो म्हणालास?"

"मासळी मागं रचली की. दर वेळी सांगतो, पण ऐकतंय कोण."

वेंगनं तांडेलाकडे वळून विचारलं की माल चढून झाला का. अर्धा झालाय, तांडेल म्हणाला, चिनी मातीच्या भांड्यांचे गठ्ठे उद्या चढायचेत, आणि पाण्याचे निम्मे रांजण. कुठल्या बाजूला? सारख्या वाटणीनं, रीत आहे तशी. मग ती रीत ह्या वेळी जरा मोड, वेंग म्हणाला. सगळं जड सामान मागच्या खणांत भर. नाक उठलं की नजर उठते. खिळ्याला हातही लावायला नको.

तांडेलानं अर्धा कान खाजवला. नाक उठवून चाललं तर सुकाणू जड होईल, म्हणाला. मग म्हणाला, होर्मुझपर्यंत मी त्यापेक्षा वाईट सुकाणू ओढलंय.

दोन दिवस भांडी मागं चढत राहिली. खलाशी आता उठले होते, पण खात्री झाल्याशिवाय मनानं चढले नव्हते. प्रत्येक गठ्ठ्यानंतर रांगच्या रांग नाळेसमोर होडीतून जाई आणि डोळ्यांकडे बघे. वेंगही होडीत बसून सांगायला लागला की आता झालं, आता सरळ. तांडेल म्हणाला, म्हातारबा, सरळ काय ते तू सोडून कुणीही सांगेल. लियांगला उभं केलं. त्यानं डोकं तिरकं करून, एक डोळा मिटून, बराच वेळ लावून निकाल दिला: कावळे नाही, मासेही नाही. समोर. जरा झोपाळल्यासारखं, पण समोर.

बुबुळं खरं तर अजून थोडी खालीच होती. पण वीस जणांनी समोर म्हटल्यावर एकविसाव्यालाही तसंच दिसायला लागलं.

उरला एकच माणूस. ज्यानं कारकुनाकडून कागदावर पूर्वापार असं लिहवून घेतलं होतं आणि जो निघायच्या दिवशी धक्क्यावर सगळ्यांच्या पुढे उभा राहणार होता. नाक वर केलेलं जहाज त्याच्यासमोरूनच जायचं होतं, पन्नास हातांवरून. वेंगनं त्या सकाळी न्याहारी केली नाही. बाओझूनं त्याच्या विजारीच्या आत एक जुनी रजई घडी घालून बांधली. त्यामुळे चालताना तो बदकासारखा दिसत होता, पण ह्या वेळी तिनं टोचलं नाही.

ढोल घुमले, शिडं चढली. वाऱ्यानं शिडांच्या चटया ताठ भरल्या. एक्केचाळीस जहाजं एकामागून एक सुटत गेली आणि मग पत्राचं जहाज आलं. नाक वर, डोळे समोर, थेट समुद्राकडे लागलेले. वेंगनं दोन्ही हातांनी रजई धरली आणि ताओ साहेबांकडे बघितलं.

ताओ साहेब कमरेत वाकले होते. दोन्ही हात जोडलेले, मान खाली, नजर स्वतःच्या जोड्यांवर. बादशहाचं पत्र समोरून चाललं होतं. नियम म्हणजे नियम. जहाज सबंध पुढून गेलं, त्याची लाट धक्क्यावर आपटली, साहेबांचे जोडे भिजले, तरी त्यांनी नजर उचलली नाही. उचलली तेव्हा त्यांना जहाजाची मागची बाजूच तेवढी दिसली, चिनी मातीच्या भारानं जरा खोल बसलेली.

वर कठड्याशी कोचीचा वकील चारही झगे घालून उभा होता. त्यानं वेंगला ओळखलं की नाही कोण जाणे, पण जाता जाता हनुवटी थोडी वर उचलली आणि दात दाखवले.

घरी आल्यावर वेंगनं पहिल्यांदा रजई सोडली. मग इतके दिवस तसाच पडलेला मेव्हण्याच्या मचव्याचा दुसरा डोळा जवळ ओढला. लियांग उंबऱ्यावर येऊन बसलाच होता आणि विचारत होता की सरकारी काम संपलं असेल तर गरिबाचं बघा. वेंगनं दगडावर पाणी शिंपडून पटाशीला धार लावली. लाकडावर टेकवली. मग अडतीस वर्षांत पहिल्यांदाच थांबला.

"अगं," त्यानं आत विचारलं, "खालीच ना?"

"खालीच," बाओझू चुलीपाशून म्हणाली.

त्यानं नाक पुसलं आणि पहिला छिलका काढला.